न तपासायचा तांडा

५ डिसेंबर २००५
पोचले बाप्पा एकदाची! बाभुळगावपर्यंत एसटी, पुढे धावजी नाईकांची बैलगाडी. नोकरी झकास आहे. बायकांच्या गर्भाशयाच्या कॅन्सरवर संशोधन चाललंय. काही गावांत तपासणी करायची, काहींत नुसती माहिती सांगायची आणि पुढे काय होतं ते पाहायचं. हा बंजाऱ्यांचा तांडा दुसऱ्या प्रकारातला, म्हणजे मला काम हलकं. नाईकांच्या बायकोला, सुखीबाईंना, सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई. मीही म्हणायला लागले. खोली त्यांचीच. अर्धी कापसाने भरलीय, भाव चढायची वाट पाहत. पाठ टेकायला काय मऊ!

९ डिसेंबर
पहिली सभा. साफ राहा, साफ कापड वापरा, असं तासभर सांगितलं. याडी पुढे बसून मान डोलवत होती. जेवताना माझ्या भाकरीवर तिने तुपाचा गोळाच टाकला. लाड चाललेत नुसते!

१४ डिसेंबर
शी! दोन दिवसांपासून खोलीत कसलासा वास येतोय, घास तोंडाशी नेला तरी तोच. गोडसर, सडका. धावजी म्हणतात, कापसात उंदीर मेला असन. मग काढत काहून नाही, असं अगदी ओठांवर आलं होतं. केसांनाही येतोय. दोनदा न्हाले.

१७ डिसेंबर
सगळे वेचणीला गेल्यावर नाकाला ओढणी बांधून मीच कापसाची गंजी उपसली. उंदीर नव्हता. तळाशी कापसाचे बोळे होते. ओले, काळपट, बोटांना चिकटणारे. टोपलंभर निघाले. आणि मी याच गंजीला टेकून झोपते! अंगणात जाऊन ओकले.

१८ डिसेंबर
याडीच्या मागेच लागले. आधी हसली, मग रडली. पाळी जाऊन चार वर्षं झाली, तरी वर्षभर अंगावरून जातंय. सून उज्ज्वला, तिला दिसू नये म्हणून बोळे गंजीत खुपसते. पण चिंध्या सोडून नवा कापूस कशाला? तर म्हणाली, तुम्हीच सांगतलं ना साफ राह्याचं, मंग बरं होते.


२० डिसेंबर
बाभुळगावहून अनिमेष सरांना फोन केला. सगळं संशोधन त्यांच्याच हाताखाली. शांतपणे म्हणाले, त्या तांड्यात तपासणी नाही, एकीला जरी तपासलं तरी तुलना बिघडते. मग ती मेली तर? म्हणाले, तारीख कळवा.
त्या बोळ्यांची आली नव्हती एवढी किळस आली मला.

२२ डिसेंबर
तरी नेलं तिला यवतमाळला. एसटीत शेजारचे नाक दाबून उठून गेले. याडी खिडकीकडे तोंड करून बसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार पसरलंय. वर्षाआधी आणली असती तर —

२४ डिसेंबर
सर जीपने आले. भडकले. याडीची चौकशीसुद्धा नाही. उद्या पुन्हा सभा घ्या म्हणाले — स्वच्छतेवर. थुंकावंसं वाटलं.

२५ डिसेंबर
बाया आल्यात. सभेला नाही. याडीचं कळलंय त्यांना. एकेक आत येतेय, दार भरलं. वहीत तोंड खुपसून बसलेय, वर पाहायची हिंमत नाही —

इंदूबाई जवळ बसली. तिच्या घागऱ्याला — तोच वास. मागचीलाही. देवा, कितीजणी —

उज्ज्वलासुद्धा. पंचविशीची पोर. हात धरून विचारतेय, आमचं काहून नाही पाह्यत ताई? काय सांगू हिला — तुम्हाला न तपासायचाच तर मला पगा—