आण्णांना दाखवलेली बाटली

३ फेब्रुवारी २००३
आण्णा-आई वारणानगरहून आले. रिपोर्ट वाईट. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात गेलाय. डॉक्टर म्हणाले, पुरुषी हार्मोनवरच तो पोसतोय, अंडकोष काढायचे, म्हणजे हार्मोन बंद. बाहेर आल्यावर आण्णा एवढंच म्हणाले, "बैलागत खच्ची करणार व्हय मला?" मी याच रोगावर पीएच.डी. करतेय, आणि मी नुसती रिक्षा शोधत राहिले.

५ फेब्रु.
माझंच तोंड मला नडलं. दिवाळीत मोठ्या फुशारकीनं घरी सांगितलेलं: लॅबच्या बाटलीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींना हेच हार्मोन दिलं की काही जीन्स जागे होतात नि वाढ मंदावते. आण्णांनी तेच धरून ठेवलंय. "तुझं हार्मोन रोग थांबवतंय, आन् डॉक्टर तेच काढाय निघालाय. कुणाचं ऐकू?"
म्हटलं, आण्णा, त्या पेशी वेगळ्या, डोस वेगळा. ऐकतायत कुठले!

९ फेब्रु.
आईचा गावाहून फोन. विहारात वंदना झाल्यावर आण्णांनी उठून जाहीर केलं, माझ्या पोरीनं औषध शोधलंय, ऑपरेशन करणार न्हाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. कपाळ माझं! आण्णांच्या कमरेत कळ एवढी की वाकून चप्पल घालता येईना, आणि टाळ्या.
गाईडसर म्हणाले, "तुझी बाटली म्हणजे तुझे वडील नव्हेत. आधी ऑपरेशन." मी तरी दुसरं काय सांगतेय?

१२ फेब्रु.
आण्णा लॅबमध्ये. "मला डोळ्यानं बघू दे."
दोन बाटल्या होत्या. हार्मोनवाली, पेशी तुरळक. साधी, हार्मोन न घातलेली, गच्च भरलेली. साधी मायक्रोस्कोपवर ठेवली. म्हटलं, ही हार्मोनवाली. पेशी थांबल्या नाहीत, आण्णा. माझा प्रयोग चुकला.
बराच वेळ बघत होते. "लईच माजल्यात की गं." मग पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे. पुन्यांदा कर. डॉक्टरला ऑपरेशनची तारीख विचार."
मी बेसिनवर उगाच हात धूत राहिले, रडू दिसू नये म्हणून. आजवर एक आकडा खोटा लिहिला नव्हता मी.

१७ फेब्रु.
उद्या आण्णांचं ऑपरेशन. इकडे लॅबमध्ये सर खूश. तिसऱ्यांदा तोच निकाल, हार्मोननं वाढ मंदावतेच. पेपर लिहायला घे म्हणाले.
संध्याकाळी वॉर्डात आण्णा शेजारच्या पेशंटला सांगत होते, "फसलं एकदा, पर सोडत न्हाय पोरगी." मग माझ्याकडं वळून, "छापून आलं की मराठीत वाचून दाखव. एक ओळ गाळायची न्हाय."
हो म्हटलंय.