बाहीतलं बटण

नावं बदललीस, पण दार नाही बदललंस. शेजारी चाव्यावाला, समोर दवाखान्याची मागची भिंत, खाली उतरायच्या पायऱ्या, त्यातली फुटकी पायरीसुद्धा जशीच्या तशी. कुणाला आमच्या शिवणखोलीवर यायचं असेल तर पत्ता विचारायला नको, तुझं पुस्तक हातात धरून सरळ खाली उतरेल. एवढं लिहायची अक्कल होती, तर एक पायरी दुरुस्त करून लिहायचीस. हे बोलून घेते, मग बाकीचं.

प्रिय चिमटे,

बक्षीस मिळालं, बरं झालं. इतक्या भाषांतल्या लिहिणाऱ्यांमध्ये तुझंही नाव काढलं, म्हणजे तुझ्यात काहीतरी असेल. चाव्यावाला रोज डोकावून विचारतो, नातीला शाल मिळणार की ढाल? मी म्हटलं, कुलूप मिळालं तर बरं, तोंडाला लावायला. तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करते. त्याच्याकडूनच दाराला आतून दुसरी कडी बसवून घेतली आहे, तेव्हाही तो हसला होता. म्हणाला, आजी, चोर आला तर काय नेणार, चिंध्या?

पुस्तक वाचलं मी. माझं वाचणं तुला माहीत आहे, ओळीखाली बोट ठेवून, जोडाक्षर आलं की थांबून, इस्त्री तापेपर्यंत एक पान. त्यामुळे उशीर झाला, आणि झाला तेच बरं झालं असं वाटतंय. मावशी, नात्याची नसून तू म्हणतेस म्हणून मीही तिला मावशी म्हणते, समोर बसून काजं करायची आणि विचारायची, काय लिहिलंय गं आपल्या पोरीने? मी म्हणायची, शिवणाचं आहे. खोटं काय त्यात? ती आपली भाषा माझ्यापेक्षा झणझणीत बोलते, गिऱ्हाइकाला एका वाक्यात पायऱ्या चढायला लावते, पण आपलं अक्षर कधी शिकली नाही, तिला तिच्या मुलखाचंच वाचता येतं. म्हणायची, माझी अक्षरं मी तिकडे सोडून आले, आता नवी कुठे घालू, डोळ्यात दोरा ओवायची जागा राहिली पाहिजे.

तुझी आई दवाखान्यात कामाच्या पाळीला जायची आणि तू आमच्या कापायच्या टेबलाखाली चिंध्यांत झोपायचीस. झोपायचीस कसली, कान टवकारून पडलेली असायचीस, हे आता कळलं. मावशीने मला जे सांगितलं ते एकदाच सांगितलं होतं, कात्री खाली ठेवून. दंडावरचा तो इस्त्रीच्या टोकाचा डाग दाखवून. नवरा शाळेत मास्तर, गावात मान, पुस्तकं वाचणारा, पोरांना शुद्ध लिहायला लावणारा. तोच घरी येऊन इस्त्री पायजम्यावर फिरवता फिरवता हिच्याकडे वळवायचा, म्हणून ही कुणाला पत्ता न लागू देता इकडे पळून आली. ते सगळं तू लिहिलंस. चांगलं लिहिलंस, हेच तर दुखणं आहे. त्या पानावर माझं बोट पुढे सरकेना.

आणि ते बटण. सगळे शिंपी जादा बटण शर्टाच्या खालच्या पट्टीला लावतात. ही बाहीच्या आत लावते, मनगटाच्या शिवणीला, कारण तिच्या आईची तशी रीत होती. वरचं तुटलं तर बटण हाताशी असावं म्हणून. जगात असं करणाऱ्या दोघीच, त्यातली एक गेली. त्या मास्तराचे शर्टही हीच शिवायची, त्याच्या मनगटाला ते बटण वर्षानुवर्षं घासलं असेल. आणि तू त्यालाच पुस्तकाचं नाव केलंस, मोठ्या अक्षरात, वर चित्र.

आपल्या भाषेत होतं तोवर मी म्हटलं, ठीक आहे. तिकडच्या कुणाला आपलं अक्षर लागत नाही. मग तो पेपरवाला फोटो काढायला आला. मी त्याला पायरीवरूनच परत पाठवणार होते, पण मावशीने चहा टाकला. चहा पिता पिता तो म्हणाला, बक्षीस मिळालेली पुस्तकं आता बाकीच्या सगळ्या भाषांत निघणार, आणि या पुस्तकाचा पहिला नंबर लागला आहे तो अमुक भाषेत. ती भाषा मावशीची. मी बशी खाली ठेवून दाराकडे बघितलं. मावशी मात्र उठून उभी राहिली, चिमटे. इतक्या वर्षांत तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं.

तू म्हणशील, तो म्हातारा झाला असेल, मेला असेल. अशी माणसं वेळेवर मरत नाहीत. आणि तो मेला तरी त्याचे भाऊ आहेत, विद्यार्थी आहेत, मान ठेवणारं गाव आहे. तेव्हापासून अनोळखी माणसाचा शर्ट आला की मावशीच्या आधी मीच ओढून घेते आणि बाहीत अंगठा घालून बघते. परवा एक उंच माणूस जुना शर्ट कॉलर उलटवायला टाकून गेला. अंगठ्याला काहीतरी टणक लागलं. मी बाही उलटी करून उजेडात धरली. धोब्याच्या खुणेची गाठ होती. तो शर्ट न्यायला आला तेव्हा मी त्याच्याशी इतकी वाईट बोलले की मावशी म्हणाली, तुला झालंय तरी काय?

मला काय झालंय ते तिला माहीत नाही. तिने चष्म्याचा नंबर बदलून आणला आहे. म्हणते, आपल्या पोरीचं पुस्तक मी माझ्या डोळ्यांनी वाचणार, कुणाच्या बोटाने नाही. म्हणते, माझी धाकटी बहीण वाचायची, तिलाही कुठेतरी मिळेल, मी जिवंत आहे एवढं तरी तिला कुणीतरी कळवेल का? आपण स्वतःच त्या पुस्तकात आहोत हे तिला ठाऊक नाही. ती तुझं नाव बघायला पान उघडणार आणि तिचा दंड तिला दिसणार. मी हे पत्र लिहायला बसले ते तुला दटावायला, की तो भाग त्या भाषेत जाऊ देऊ नकोस, काप. पण मग तिला न विचारता तू उघडलंस, तसं तिला न विचारता मी बंद केलं असं होईल. म्हणून तू ये. शाल घ्यायला जायच्या आधी ये. टेबलाखाली नाही, तिच्या समोर बस, आणि आपल्या भाषेतलं ते पान तिला तुझ्या तोंडाने वाचून दाखव. मी दाराशी बसेन, कडी लावून. मग पुस्तक त्या भाषेत काढायला बक्षीसवाल्यांना काय कळवायचं, हो की नाही, ते तू ठरवायचं नाहीस आणि मीही नाही. उत्तर मावशी देईल, आणि ती देईल ते एका शब्दानेही न बदलता तू लिहून घ्यायचंस.

तुझीच,
आजी