न मिटलेला चाकू

प्रिय सिदोरा,

या दोन हातांनी मी आजवर दोन हजार एकशे चौदा चाकू केले. आकडा अंदाजाचा नाही, प्रत्येक पात्याच्या बुडाशी तो ठोकलेला आहे. भाता केला, भात्याचं पायडल केलं. चर्चच्या घंटेचा लोलक तुटला तेव्हा नवा घडवला, आणि फादर म्हणाले जरा बेसूर वाजतो, तेव्हा उतरवून पाव किलो घासून पुन्हा चढवला. तुझ्या स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागऱ्या माझ्या, बास्तिआनूच्या पाळण्याच्या चार कड्या माझ्या. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. बाप मेंढ्या राखायचा, त्याला विळ्याला धार लावता येत नव्हती. आणि एक खटका केला. तो एकाच चाकूत बसवला, चारशे एकोणीस नंबरच्या. त्याबद्दल लिहायला मला तेवीस वर्षं लागली.

आधी मुलाचं सांगतो, नाहीतर तुझं पुढे लक्ष लागणार नाही. बास्तिआनू ठीक आहे. डाव्या हाताच्या तीन बोटांना पट्टी आहे, टाके आहेत, पण बोटं हलतात. मी स्वतः एकेक हलवून पाहिली. यंत्रात हात गेला असं तो तुला सांगेल. तसं झालेलं नाही.

मंगळवारी सकाळी तो पहिल्या बसने गावात आला, थेट माझ्या दुकानात. दारात उभा राहिला तेव्हा मला वाटलं त्याचा बाप आन्तीनेच परत आला. तेच खांदे, तीच मान वाकडी करायची सवय. "लारेन्तूकाका, चाकू करून हवाय," म्हणाला. मी म्हटलं, बस, पाव खा. तुला माझी पद्धत माहीत आहे. गिऱ्हाइकाला मी आधी वाळका पाव, जुनं चीज आणि एक साधा चाकू देतो आणि तो कापतो कसा ते बघतो. मेंढपाळ अंगठा पुढे ठेवून स्वतःकडे ओढतो, त्याला रुंद बुडाचं पातं द्यावं. कलमं करणारा मनगट फिरवतो, त्याला सरळ पाठीचं. तुझ्या मुलाने चीज कापलं नाही. टोक आत खुपसलं आणि पिळलं.

तरी मी पाती मांडली. पाती मांडायची ती निळी फ्लॅनेल अजून आहे. मर्टलच्या झुडपाच्या पानासारखं लांबट पातं, साडेनऊ सेंटिमीटरचं, जे अख्ख्या सार्डिनियात माझ्याइतकं सरळ कुणी काढत नाही. कातडं सोलायचं बुटकं पातं. मग मुठी: रानमेंढ्याचं पिवळसर शिंग, ज्यात दूध सांडल्यासारख्या रेघा असतात, बोकडाचं काळं, ऑलिव्हचं लाकूड. पोरं नेहमी रानमेंढ्याच्या शिंगावर हात ठेवतात, ते चमकतं म्हणून. हा म्हणाला, "काळं. आणि पॉलिश नको. ओल्या हातातून सरकता कामा नये." मी विचारलं, दूध काढताना? तो हसला. "काका, तुम्ही फार विनोदी." पातं त्याने मर्टलचं निवडलं, पण बारा सेंटिमीटरचं हवं म्हणाला. मी म्हटलं, बारा सेंटिमीटरने काय कापणार, गाढव? त्याने पाती सरकवून जागा केली, कोट काढला आणि म्हणाला, "पैशाची काळजी नको. आणि खटक्याचा हवा. उघडला की उघडाच राहील असा."

सिदोरा, खटक्याची गोष्ट गावात आता कुणाला आठवत नाही. ती त्याला एकाच माणसाकडून कळली असणार. कोर्टात तो चाकू टेबलावर तीन दिवस पडून होता आणि तीनही दिवस तू त्याच्याकडेच बघत होतीस.

जानेवारीत गोनारिओ तुरुंगातून सुटून आला, हे तुला कळलंच असेल. बहिणीच्या घरी मागच्या खोलीत राहतो. दात गेलेत, खोकतो, पाव आणायला भिंतीच्या कडेकडेने जातो. आल्यावर आठव्या दिवशी त्याच्या बहिणीचा कुत्रा फाटकाला टांगलेला मिळाला, गळा एका फटक्यात चिरलेला. मी जाऊन पाहिलं. चीर उजवीकडून डावीकडे चढत गेली होती, म्हणजे मागे उभं राहून डाव्या हाताने मारलेली. मग तिच्याच दोन मेंढ्या कान छाटलेल्या सापडल्या, जिवंत. गावात डावखुरे तिघेच आहेत आणि तिघेही माझ्या वयाचे. त्यामुळे मंगळवारी तुझा मुलगा डाव्या हाताने चीज पिळत होता तेव्हा मला काही विचारावं लागलं नाही.

मी सगळी पाती फ्लॅनेलमध्ये गुंडाळली आणि म्हटलं, नाही करणार. तो म्हणाला, "त्याला केला होतात ना? माझ्या बापाला मारणाऱ्याला केला होतात, मला का नाही?" मी म्हटलं, म्हणूनच नाही. "म्हातारा झालास, हात कापतात म्हणून सांग ना!" अहोजाहो तिथेच संपलं. मी म्हटलं, माझे हात कापत नाहीत, घरी जा. तो चीजवाला चाकू त्याच्या हातातच होता. टेबलावरून झेप घेऊन त्याने तो माझ्या छातीत मारला.

चामड्याचा एप्रन मी नेहमीच घालतो आणि त्याच्या वरच्या खिशात पोलादी पट्टी असते. टोक पट्टीवर आपटलं, घसरलं, आणि साधा चाकू जे करतो तेच त्याने केलं. खटका नसल्यामुळे पातं अर्धं मिटलं ते थेट त्याच्या बोटांवर. हाडापर्यंत. त्याला आधी कळलंच नाही. त्याने दुसऱ्यांदा मारायला हात उचलला तेव्हा रक्त त्याच्या कोपरापर्यंत आलं होतं. तेव्हा तो ओरडला, आणि ओरडला तो "आई गं" असं. माझी एक बरगडी काळीनिळी झाली आहे, बाकी काही नाही. मी त्याचा हात पाण्याखाली धरला, फ्लॅनेल फाडून बांधला आणि डॉक्टरकडे नेला. वाटेत तो एकच म्हणाला, "मिटला कसा?" मी त्याला सांगितलं नाही. तुला सांगतो.

लोकर कापायचा तो दिवस मला तुझ्यापेक्षा जास्त आठवतो, कारण तू वाड्यात चीज आणायला गेली होतीस. आम्ही चौदा जण, तीन गावांतले. उकडलेलं मटण संपलं. आपल्याकडचा रिवाज बायकांनाही माहीत आहे: खाणं झालं की चाकू पावाला पुसायचा, मिटायचा, खिशात टाकायचा. त्यानंतर ज्याचा उघडा राहील, तो कुणासाठी तरी उघडा आहे. टकाटक सगळे मिटले. आन्तीनेने मिटला. सकाळीच त्याची आणि गोनारिओची दोन मेंढ्यांच्या कानाच्या खुणेवरून हमरीतुमरी झाली होती, नंतर दोघे एकाच पेल्यातून प्यायलेही होते. गोनारिओचा चाकू उघडाच राहिला.

तो चाकू मी त्याला चार दिवसांपूर्वी दिला होता. माझा पहिला खटका. पुरुषभर उंचीच्या बढाया मारल्या होत्या मी त्याच्यावर. मिटायचा तर पाठीवरची खटक्याची पोलादी जीभ आधी खाली दाबायची आणि मग मागे ओढायची. त्याला एकदाच दाखवलं होतं. त्याचे हात चरबीने माखलेले होते. आणि खटक्याचा दाता घासताना मी कानस जरा जास्त चालवली होती, अर्धा मिलिमीटर, म्हणून तो खाचेत जास्त खोल बसत होता. मी समोरच बसलो होतो. त्याचा अंगठा त्या जिभेवर घसरताना मी पाहिला, एकदा, दोनदा, तीनदा. नख पांढरं पडलं होतं. गोनारिओ चाकू मिटायला बघत होता, सिदोरा. त्याला मिटता येत नव्हता.

आन्तीने म्हणाला, "कुणासाठी उघडा ठेवलायस रे?" मला एवढंच म्हणायचं होतं: अडकलाय तो, आण इकडे. चार शब्द. पण तीन गावांतली माणसं बसली होती आणि लारेन्तूचा खटका अडकला असं मला त्यांच्यासमोर म्हणवेना. गोनारिओलाही म्हणवेना, एवढासा चाकू मिटता येत नाही म्हणून. तो हसला. "ज्याला खाज असेल त्याच्यासाठी."

आन्तीने चाकू उघडत बाकावरून उडालाच. त्याचा चाकू गोनारिओच्या गळ्याखालच्या हाडावर बसला आणि मिटला, त्याच्याच बोटांवर. गोनारिओचा मिटला नाही. तो बरगडीखालून आत गेला, पात्यावरची माझी खूण दिसेनाशी होईपर्यंत, आणि आन्तीनेच्याच वजनाने वर चिरत गेला. माझं काम इतकं चोख होतं की हाडालाही अडलं नाही. आन्तीने कापलेल्या लोकरीच्या ढिगावर पडला. लोकर किती रक्त पिते हे तोवर मला माहीत नव्हतं. तू चीज घेऊन आलीस तेव्हा तो तुझ्याकडे बघत होता, पण तेव्हा तो गेलेला होता. तू मला नंतर विचारलंस, काही बोलला का? मी म्हटलं, तुझं नाव घेतलं. ते खोटं. त्याला वेळच मिळाला नाही.

कोर्टात गोनारिओच्या वकिलाने मला उभं केलं. तो सांगत होता की चाकू अडकला होता, मिटत नव्हता, आव्हान नव्हतंच. न्यायाधीशांनी मला विचारलं, तुम्ही बनवला आहे, हा खटका अडकू शकतो का? मी छाती काढून म्हणालो, माझं काम अडकत नाही. उघडा ठेवला तो मुद्दाम, असं ठरलं. चोवीस वर्षं. एक वर्ष माफ झालं.

तू गाव सोडल्यापासून दर नोव्हेंबरला तुझं दोन ओळींचं पत्र येतं, आन्तीनेसाठी मेणबत्ती लाव म्हणून. दर नोव्हेंबरला मी लावली. एकदाही वाटलं नाही की आता सांगावं. वाटायचं ते एवढंच, की वात सरळ कापली आहे ना.

येत्या रविवारी प्रार्थना सुटली की मी चौकात उभा राहून हे सगळं सांगणार आहे. गोनारिओ तिथे असेल, त्याच्या बहिणीला मी तसं सांगून आलो आहे. ऐकून तो काय करेल ते तो बघेल. आणि तुमच्या घराला कुणाचा जीव हवाच असेल, तर तो गोनारिओचा नाही. माझं दुकान उघडं असतं, बास्तिआनूला रस्ता माहीत आहे.

राहिला लिफाफा. मंगळवारी त्याने तो आल्या आल्या ऐरणीवर टाकला होता. मला वाटलं पोराने गोदीतल्या मजुरीतून साठवलेले पैसे असतील. त्याला बसमध्ये बसवून परत आलो, ऐरणीवरचं रक्त पुसायला लागलो तेव्हा लिफाफा उलटा झाला आणि मागचं अक्षर दिसलं. दरवर्षी दोन ओळी वाचतो मी त्या हाताच्या, माझ्या नावाचं पहिलं अक्षर तू काढतेस तसं कुणी काढत नाही. बारा सेंटिमीटर, काळं शिंग, पॉलिश नको, खटका: सगळं तू लिहून दिलं होतंस, पोराने फक्त पाठ केलं होतं. आणि खाली, "गोनारिओला दिलास तसाच, माझ्या मुलाला." लिफाफा या पत्राबरोबर परत पाठवतो आहे, वरच्या दोन नोटांना डाग आहेत ते त्याच्याच बोटांचे. तसा आणखी एक चाकू करण्याचे तू मला सहा हजार युरो देत होतीस. मी नाही म्हटलं.

तुझाच,
लारेन्तू