सोडलं मीच, याची नोंद व्हावी

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. बायकोने घटस्फोट मागितला. चहा गाळता गाळता, दूध संपलंय म्हणून सांगावं तसा. मीच आधी मागणार होतो, पण दोन महिने मुहूर्त लागत नव्हता. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना श्वास रोखायला सांगते, घरी येऊन माझा रोखते.
अट एकच म्हणे. अठ्ठावीस मार्चपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही, अर्ज त्यानंतर. जीव अडकलाय तिचा, दुसरं काय.

४ फेब्रुवारी
मामाला फोन करून सांगितलं. (मामाला मी 'कुणी'मध्ये धरत नाही.) म्हणाला, गाढवा, तू तिकडे तिचा नवरा म्हणून आहेस, तिच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेला. तीन वर्षं भरली की तुला तुझा स्वतःचा मिळेल, मग घाला काय गोंधळ घालायचाय तो. तोवर गप्प बस.
मामाने उभ्या जन्मात गावाची वेस ओलांडली नाही. माझ्या व्हिसावर फोटो माझा, बोटांचे ठसे माझे. तिचं त्यात काय?

९ फेब्रुवारी
संकल्प: घटस्फोट झाला की जग फिरायचं. नकाशा आणला. चिकटपट्टी नव्हती. ती आणायला गेलो तर शेजारच्या दुकानात सायकली लावल्या होत्या. जग सायकलवरून फिरलं तर? दीड तास गेला. चिकटपट्टी राहिली.

१७ फेब्रुवारी
लाँड्री. हॉटेलच्या चादरी गरम रोलरमध्ये सोडायच्या, एक कोपरा माझ्या हातात, दुसरा टकल्याच्या. टकल्याच्या कानावर घातलं. (त्याला तर कुत्रं विचारत नाही.) जेवणाच्या सुट्टीपर्यंत गावभर झालं, याला बायकोने हाकलला. फोरमनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ज्याला उशीच्या खोळीची उलटसुलट बाजू कळत नाही, त्याने माझी कीव करावी.
मी सगळ्यांना ठणकावलं, मी सोडलंय तिला. टकल्या म्हणाला, मग अजून तिच्याच घरात कसा?
उत्तर तयार होतं. घरी पोचल्यावर सुचलं.

२ मार्च
व्हिसाचं पत्र प्रथमच नीट वाचलं. माझ्या नावापुढे छापलंय: डिपेंडंट. जवळजवळ तीन वर्षं हे लेबल लावून फिरतोय आणि कुणी एका शब्दाने बोललं नाही. बायकोपुढे पत्र आपटलं. म्हणाली, सव्वीस दिवस राहिलेत, कळ काढ. दिवस मोजत बसलीय बिचारी.

६ मार्च
इमिग्रेशन ऑफिसला रजिस्टर्ड पत्र पाठवलं. मजकूर असा: मी पत्नीला स्वखुशीने सोडलं आहे, तिने मला नव्हे, याची नोंद व्हावी. आमच्यात पतिपत्नी म्हणून कोणताही संबंध उरलेला नाही. सबब माझ्या नावापुढचा 'डिपेंडंट' हा शब्द काढून टाकावा.
'सबब' फार छान बसलंय. त्यांच्या भाषेत नेमका शब्द सापडला नाही, पण जोर पोचेल.

१२ मार्च
उत्तर नाही. सरकारी खातं कुठलंही घ्या, बूड हलत नाही.

१९ मार्च, संध्याकाळ
हललं. त्यांनी शब्द काढला. शब्दाबरोबर व्हिसाही काढला. तीस दिवसांत देश सोडा, नाहीतर चौदा दिवसांत अपील करा. सोबत माझ्या पत्राची प्रत जोडलीय, भोचकपणा नुसता.
बायकोने ते उभ्या उभ्याच वाचलं, खांद्यावरची बॅगही न उतरवता. माझं पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाली, "नऊ दिवस राहिले होते. नऊ दिवस तुला तोंड मिटून बसता आलं नाही?"
मी म्हटलं, पत्राची भाषा तर चांगली होती ना.
म्हणाली, "मी गेल्या वर्षीच ठरवलं होतं. तुझी तीन वर्षं भरावीत म्हणून थांबले."
मग शिफ्टला निघून गेली. हे आधी नीट समजावून सांगायला नको?

२१ मार्च
वकीलबाईंकडे गेलो. पत्र वाचून चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मी बेफिकिरी दाखवली, इथे नको तर दुसऱ्या देशात जाऊ. त्या म्हणाल्या, जिथे जाल तिथल्या फॉर्मवर विचारतील, याआधी व्हिसा कधी रद्द झालाय का. 'हो' लिहा आणि खुलासे करत बसा. 'नाही' लिहिलंत तर खोटं बोलल्याबद्दल बाद. घटस्फोटाने एवढं बिघडत नाही हो, म्हणाल्या, घटस्फोटित माणसं जगभर हिंडतात. त्यांनी असलं पत्र पाठवलेलं नसतं.
फारच सामान्य बाई.

२४ मार्च
व्हिसा गेल्यापासून कामही बंद. मामाचे तीन फोन आले, घेतले नाहीत. मामाला आता 'कुणी'मध्ये धरलंय.

१ एप्रिल
बायको मैत्रिणीकडे राहायला गेली. जाण्याआधी माझ्या अपीलचा फॉर्म भरून टेबलावर ठेवला. नाव, पासपोर्ट नंबर, जुने पत्ते, सगळं तिच्या अक्षरात. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली. एकच रकाना रिकामा सोडलाय. म्हणाली, हा मला भरता येत नाही.

२ एप्रिल, दुपार
अपीलचा शेवटचा दिवस. ऑफिस पाचला बंद होतं.
रकाना असा: 'आपल्याला या देशात राहू द्यावे, याचे कारण स्वतःच्या शब्दांत लिहा.' अर्धं पान जागा.
काम लिहायला घेतलं, काम राहिलेलं नाही. बायको लिहावी, तर संबंध नाही हे मीच लेखी दिलंय. इथले मित्र म्हणून टकल्याचं नाव लिहिलं. खोडलं.
साडेतीन. काही सुचत नाही. शेजाऱ्यांचं नाव लिहावं, तर ते माहीत नाही.
सव्वाचार. अर्धं पान तसंच कोरं. खाली तारीख टाकली.