शाईतला गूळ

चाचा, तुम्हाला जाऊन पन्नासाहून जास्त वर्षं झाली आणि आज मी कागद पुढ्यात ओढलाय. इतकी वर्षं झोपली होतीस का, असं विचाराल. धाराशिवच्या आमच्या शाळेत तुमच्या ताब्यात पुस्तकांची दोन कपाटं होती. एक उर्दूचं, निजामाच्या वेळचं, तुम्हाला तोंडपाठ असलेलं. दुसरं विलीनीकरणानंतर आलेलं, मराठीचं. दुसऱ्या शाळांतल्या मुली सांगायच्या, त्यांच्या कपाटाला कुलूप आणि कुलपाला गंज. तुम्ही मात्र मधल्या सुट्टीत दोन्ही दारं सताड उघडी टाकायचात आणि पुस्तक परत आणणारीला समोर बसवायचात. "काय हाय यात? सांग बरं, बेटी. सगळं सांग, घाई न्हाय." आम्ही सांगायचो. सांगून झालं की तुमचं ठरलेलं, "वाचलं नं? आता करून दाखव." असंच अंगणात काठी रोवून, भोवती चुना लावलेले दगड मांडून आम्ही सावलीचं घड्याळ केलं. हेडमास्तर खिशातलं घड्याळ काढून त्याच्याशी वेळ ताडून बघायचे. मी तेर गावाहून शिकायला आलेली, काकांच्या घरी राहणारी पोर. घरी बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळं मी आठवड्याला तीन-तीन पुस्तकं संपवायची, निव्वळ तुम्हाला सांगायला मिळावं म्हणून.

शाई करायचा दिवस मला अजून दिसतो. आम्ही चौघी मुली तुमच्या घरी, चाचींच्या चुलीपुढं बसलोय. पातेल्यात हिरडे उकळतायत, त्यात गंजके खिळे टाकलेत. चाची कपाळाला हात लावून म्हणतायत, "या अल्ला, पातेलं गेलं माझं! आता यात सालन कोण खाणार?" मी पुस्तकातून मोठ्यानं वाचतेय, तुम्ही तसतसं करताय. पुढं डिंक घालायचा होता. माझ्या अंगात काय आलं कुणास ठाऊक, मी धडधडीत वाचलं, "आता यात चमचाभर गूळ घालावा." तुम्ही पुस्तक मागून घेतलंत, त्या ओळीवरून बोट फिरवलंत, मान डोलावलीत आणि चाचींकडं गूळ मागितलात. मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं.

बोलायचात अगदी आमच्यासारखं, पण शिकला होतात उर्दूत, ही अक्षरं कधी गिरवलीच नव्हती. आमच्या तोंडून ऐकून तुम्ही अख्खं कपाट वाचत होतात. हे कळायला मला पुढं किती वर्षं लागली! तेव्हा मला फक्त गंमत कळली. दुसऱ्या दिवशी सगळ्या दौतींना मुंग्या लागल्या, आणि मी रात्रीच्या जेवणात तो किस्सा रंगवून रंगवून काकांना सांगितला. काका हसले, मग घास हातातच ठेवून म्हणाले, "व्हय गं? खरंच येत न्हाय त्याला?" काका शाळेच्या कमिटीवर होते.

पंधरा दिवसांत एक साहेब तपासणीला आले. भरल्या वर्गात त्यांनी तुमच्या हातात पुस्तक दिलं आणि वाचा म्हणाले. तुम्ही चष्म्याचं निमित्त केलं नाहीत. "न्हाय येत साहेब. पोरी वाचतात, मी ऐकतो," म्हणालात. माझ्याकडं बघितलं नाहीत. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. किल्ल्या कारकुनाकडं गेल्या, तुमच्याकडं घंटा आली. वर्षभरात मराठीची परीक्षा पास झालात तर कपाटं परत, असं ठरलं. कारकुनानं कुलूप घातलं ते घातलंच. आम्ही पुस्तक मागितलं की म्हणायचा, "हरवलं तर तुझा बाप भरून देणार का?"

पुढं मीही सोलापूरच्या एका शाळेत ग्रंथपाल झाले. दारं उघडी ठेवली. मुलींनी माझ्या टेबलावर पतंग केले, लोणची घातली, एकदा तर कोंबडीची अंडी उबवली. लोक माझं कौतुक करायचे तेव्हा मी तुमचं नाव सांगायची. तुमच्या किल्ल्या कशा गेल्या ते कधीच सांगितलं नाही.

पण चाचा, मी लिहायला बसले ते त्यासाठी नाही. ते पोरवयातलं तोंड होतं, तुम्ही कधीच माफ केलं असेल. दुसरं एक आहे. एका सकाळी तुम्ही काकांच्या दारात आलात. टोपी नीट केलीत. पोरीसोरींपुढं तुम्ही अवघडून उभे होतात. म्हणालात, "बेटी, तू लई चांगलं वाचतीस. रोज अर्धा तास मला शिकवशील का? परीक्षा द्यायची हाय." तुमच्याकडं बघायची माझी छाती होईना. मी म्हणाले, "माझीच परीक्षा आहे, चाचा. अभ्यास आहे." तुम्ही लगेच म्हणालात, "हां हां, पहले इम्तिहान." आणि गेलात. पुन्हा कधी विचारलं नाहीत. ती मराठीची परीक्षा तुम्ही दिलीच नाहीत, असं नंतर कळलं.

हा कागद आता मी कुठं पाठवणार? माझी परीक्षा आदल्याच आठवड्यात संपली होती. शेवटच्या पेपरची घंटा तुम्हीच दिली होती.