ताणलेली दोरी

ता. ९ फेब्रुवारी

ती. अक्कास,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण इथे डोक्याला ताप आहे. एका वाचनालयाच्या हॉलची फरशी धरलीय. अर्धी बसवून उठलो आणि बघतो तर सांधे मधोमध डावीकडे झुकलेले. उखडली, पुन्हा बसवली, पुन्हा तेच. लंबू, माझा जोडीदार, इतकी वर्षं दोरीचं दुसरं टोक धरणारा, मलाच म्हणतो की फरशी सरळ आहे, तुझं डोकं वाकडं आहे. मी म्हटलं, तू दोरी ढिली सोडतोस. दोरीसुद्धा मला मध्ये डावीकडे वाकलेली दिसत होती, मग गप्प कसा बसू? शब्दाला शब्द लागला आणि थापी आपटून तो निघून गेला.

मुकादम म्हणतो, आणखी एकदा उखडलीस तर दुसरा माणूस आणतो. चष्म्याचा नंबर वाढला असेल. हे काम उरकलं की बघतो. भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा


ता. १४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता इस्त्रीखाली गिऱ्हाइकाची बाही करपली. ती तुझ्या नावावर मांडून ठेवलीय.

अरे, दोरी ढिली असली तर खाली लोंबेल. डावीकडे कशी वाकेल? एवढं मला चौथी नापास बाईला कळतं. लंबूचं काही चुकलेलं नाही. तुझ्या डोळ्यात खोट आहे.

आई आठव. शेवटी शेवटी बोलताना आपल्या कानाकडे बघायची. चालताना कुठे अडखळायची नाही, पण समोरच्याचं तोंड दिसायचं नाही. म्हणायची, तुमच्या चेहऱ्यावर कुणी बोळा फिरवलाय. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयाप्रमाणे झिजतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. हे घराण्यात उतरू शकतं, पोरांनी पन्नाशीनंतर तपासून घ्यावं, असंही बजावलं होतं. तू तेव्हा बाहेर बिडी फुंकत उभा होतास, ऐकणार कुठून! आणि तीच बिडी या दुखण्याला खतपाणी घालते.

आता मुकाट्याने सांगते ते कर. बाथरूममध्ये जा, चष्मा लाव, तळव्याने एक डोळा झाक आणि भिंतीच्या टाइलांकडे बघ. मग दुसरा झाक. दोन्ही उघडे ठेवून बघू नकोस, चांगला डोळा वाईटाला पाठीशी घालतो. कुठल्याही एका डोळ्याने रेघ वाकलेली दिसली किंवा मधला चौकोन पुसट झाला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. चष्मेवाल्याकडे नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. काम उरकल्यावर म्हणालास तर मी येऊन कान धरून नेईन, मुकादमाच्या देखत.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. तिलाही हे पत्र दाखव. माया आहे म्हणून ओरडते, नाहीतर माझं काय अडलंय.

तुझी,
अक्का


ता. २ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

डावा डोळा झाकला तर सगळं शिस्तीत. उजवा झाकला आणि मधल्या टाइला पाण्यात पडल्यासारख्या हलल्या. तसाच दवाखाना गाठला.

डाव्या पडद्याखाली नको त्या नव्या शिरा उगवल्यात आणि त्या पाझरतायत. त्यासाठी डोळ्यात इंजेक्शन. डोळा आधी बधिर करतात, दाबल्यासारखं वाटतं एवढंच. एक झालं, पुढच्या महिन्यात पुन्हा. गेलेलं सगळं परत येईल असं नाही, पण उरलंय ते राखायला बघू, म्हणाले. आणखी थांबला असतात तर तेही कठीण होतं, असंही म्हणाले. उजव्या डोळ्यातही सुरुवात आहे, पण ती कोरडी. तिला ही सुई नाही, तिच्यावर लक्ष ठेवायचं. चौकटीचा कागद दिलाय, रोज एकेका डोळ्याने बघायचा. बिडी बंद, रक्तदाब ताब्यात, ताटात हिरवा पाला आणि मासे. ताकदीच्या गोळ्या विचारल्या तर म्हणाले, त्या प्रत्येकासाठी नसतात, मनाने घेऊ नका.

लंबूच्या दारात गेलो. म्हटलं, दोरी ताणलेलीच होती रे. तो म्हणाला, माहीत आहे, आत ये. वाचनालयाचं काम त्यानेच पुरं केलं. मी मात्र थापी ठेवून द्यावी म्हणतो. ज्याला स्वतःच्या रेघेचा भरवसा नाही त्याने लोकांच्या घरात शिरू नये.

आणि अक्का, आई तुझीही होती. तू डोळे दाखवलेस का?

तुझा,
धाकटा


ता. ११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बिडी सुटल्याचं तुझ्या बायकोनेही कळवलं, म्हणून खरं मानते.

नव्हते दाखवले. तुझं पत्र आलं तशी बाथरूममध्ये गेले, तू बसवलेल्या टाइलांपुढे. एक डोळा झाकला, नळाखालची रेघ वाकडी. दुसरा झाकला, तरी वाकडी. इस्त्री बंद केली, गिऱ्हाइकं तिथेच सोडली आणि डॉक्टरकडे गेले. त्यांनी थेंब घालून दोन्ही पडदे तपासले. स्वच्छ आहेत. दरवर्षी यायला सांगितलंय. त्यांच्या चौकटीच्या कागदावर एकही रेघ वाकडी दिसली नाही.

घरी येऊन सांध्यावरून नख फिरवलं. अरे गाढवा, ती टाइल खरंच तिरपी आहे! बसवलीस तेव्हा तुझे दोन्ही डोळे ठणठणीत होते आणि दोरी लावायचा कंटाळा केला होतास, एवढ्याशा भिंतीला कशाला म्हणून.

तेव्हा डोळ्याच्या नावाने थापी खाली ठेवायची नाही. तुला बोटं आहेत, दोरी आहे आणि लंबू आहे. पुढचं इंजेक्शन चुकवू नकोस. ते झालं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की दोघं या आणि माझी टाइल काढून नीट बसवा. बघायचं त्याने, चाचपायचं तू. खिशात बिडी सापडली तर उंबऱ्याबाहेर ठेवीन, भाऊ असलास तरी.

लोभ पाहिजे असेल तर आधी नळाखालची टाइल.

तुझी,
अक्का