अकरा सामने

ब्रिस्टल, ९ जून २०२४

ती. आबांना सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. मराठी सांभाळून घ्या. माझा पाठ परत दुखतो. स्कॅनमध्ये कण्याच्या त्याच हाडाला चीर दिसली, तिसऱ्यांदा. क्रिकेट क्लबने पगारी मुली घेतल्या, त्या पहिल्या सहा जणींत मी होते. दोन वर्षांत खेळले फक्त अकरा सामने. कोच म्हणतात, विश्रांती घे, बोलिंगची ॲक्शन बदल, अजून एक सीझन बघू. बाबांचंही तेच. खेळणार की सोडणार, ते क्लबला महिनाअखेर सांगायचं आहे.

आबा, मी दमले आहे. सकाळी बुटाची लेससुद्धा माझी फ्लॅटमेट सारा बांधून देते. बोलिंग तुम्ही शिकवलीत. तुम्ही सांगाल ते करीन.

तुमची नात,
अक्षया

हाउन्सलो, १४ जून

चि. अक्षयास अनेक आशीर्वाद.

पाठ दुखते गं, दुखतो नाही. असो, मराठी सुधारेल. आधी पाठीचं बघ.

एक गोष्ट दहा वर्षं मनात आहे. तू चौदा वर्षांची असताना पार्कात पाठ धरून खाली बसलीस. मी म्हणालो, फास्ट बोलरची पाठ दुखायचीच, अजून सहा बॉल टाक. तू टाकलेस आणि मी टाळ्या वाजवल्या. हल्ली रोज तेच डोळ्यांसमोर येतं.

काल राजीव आला होता. त्याला म्हटलं, तुझ्या पोरीला आता पुरे झालं. चहा न घेताच गेला. तुला मात्र मी काही सांगणार नाही. तो हक्क मी तेव्हाच घालवला.

म्हाताऱ्यावरची माया कमी करू नकोस.
आबा

हॅरो, ३० जून

ती. आबांना नमस्कार.

पार्कात त्या दिवशी तुम्ही आधी विचारलं होतं, घरी जायचं का. मीच नको म्हटलं. तुम्ही विसरलात, मी नाही.

शुक्रवारी क्लबला सांगितलं, सोडते. वाटलं होतं खूप रडेन, पण नुसती झोप आली.

काल बाबा गाडी घेऊन आले. सामान भरलं. रीडिंगपर्यंत रेडिओ. मग हायवेवरच्या सर्व्हिसेसला थांबले, कॉफी आणली आणि विचारलं, बसून दुखतंय का. आजवर ते विकेट किती एवढंच विचारायचे. मी हो म्हटलं. त्यांनी माझी सीट मागे केली, स्वतःचं जॅकेट घडी करून माझ्या पाठीशी लावलं, आणि पुढे घरापर्यंत डाव्या लेनमधून इतकी सावकाश गाडी चालवली, की ट्रकसुद्धा आम्हाला ओलांडून जात होते.

लोभ आहेच, काळजी तेवढी कमी करा.

तुमची,
अक्षया